किल्ली शेजारी ठेवली आहे

'मनमिळाऊ' हा शब्द आपण बोलताना फारसा वापरत नाही. छापलेला मात्र रोज दिसतो. आज सकाळी चहाबरोबर वर्तमानपत्र उघडलं, तर निधनवार्तांच्या रकान्यात तो वर एकदा आणि खाली एकदा होता. वर एक निवृत्त शिक्षक, खाली एक किराणा दुकानदार. गावं वेगळी, वयं वेगळी. स्वभाव मात्र दोघांचाही मनमिळाऊ. त्यापुढे पूर्णविराम, आणि मग पश्चात पत्नी, मुलगे, सुना, नातवंडं.

माणसाच्या वाट्याला हा शब्द बहुधा तीनदा येतो. लग्न जमवताना पहिल्यांदा. नोकरीतून निवृत्त होताना दुसऱ्यांदा. तेव्हा कार्यालयात खुर्च्या मांडलेल्या असतात, समोशांच्या बशा झाकून ठेवलेल्या असतात, आणि साहेब 'अत्यंत मनमिळाऊ' एवढं म्हणून शाल-श्रीफळाकडे वळतात. तिसऱ्यांदा येतो तेव्हा ऐकायला माणूस नसतो.

त्या शालीसारखाच आहे हा शब्द. समारंभात अंगावर पडतो, घरी गेल्यावर घडी होऊन कपाटात जातो.

मधल्या वर्षांत, माणूस खरोखर माणसांत वावरत असतो त्या वर्षांत, आपण वेगळं बोलतो. बोलका आहे. मोकळा आहे. त्यांच्याकडे सगळ्यांचं येणंजाणं असतं. कधी नुसतंच, माणूस बरा आहे. 'बरा' ही मराठीतली मोठी पदवी. ती सहजासहजी कोणी देत नाही, आणि दिली की सहसा काढून घेत नाही.

लग्नाच्या जाहिराती अजून तशाच असतात. मुलीच्या बाजूला गृहकृत्यदक्ष, मनमिळाऊ. मुलाच्या बाजूला निर्व्यसनी, स्वतःचा फ्लॅट. जुळवून घ्यायचं ते तिनं, असं कुठे लिहिलेलं नसतं, पण वाचणाऱ्याला कळतं. कार्यालयातला मनमिळाऊ म्हणजे बहुतेक वेळा बदलीच्या कागदावर मुकाट्यानं सही करणारा. आणि गेलेल्या माणसाशी तर कोणाचंच भांडण उरत नाही. तिन्ही ठिकाणी हा शब्द त्या माणसाबद्दल थोडं सांगतो, सांगणाऱ्याच्या सोयीबद्दल बरंच.

उलट बाजूचे शब्द मात्र आपल्याकडे भरपूर, आणि सगळे रोजच्या वापरातले. एकलकोंडा, माणूसघाणा, घुमा, तुसडा, तिरसट, कुढा, शिष्ट, आखडू, आतल्या गाठीचा. प्रत्येकाची छटा निराळी. घुमा गप्प बसतो, शिष्ट गप्प बसून बघतो. तुसडा निदान उत्तर तरी देतो. आणि जास्त मिसळणाऱ्यांनाही आपण सोडत नाही. चोंबडा, भोचक, लाघट, गळेपडू, आगाऊ. एका बाजूला माणूसघाणा, दुसऱ्या बाजूला चोंबडा, मधे जी चिंचोळी पट्टी उरते तिच्यावर मनमिळाऊ माणसानं तोल सांभाळत चालायचं. टिकाऊ, दिखाऊ, आगाऊ ही सगळी ऐकायला त्याचीच भावंडं. कोणतं भावंड केव्हा येऊन खांद्यावर हात टाकेल, सांगता येत नाही.

दासबोधाच्या दुसऱ्या दशकातल्या दुसऱ्या समासात समर्थांनी उत्तम लक्षणं सांगितली आहेत. चारचौघांत माणसानं कसं असावं, त्याबद्दलचा हा समास. वाचताना लक्षात येतं की त्यातलं कितीतरी 'नये'वर चालतं. हे करू नये, ते बोलू नये, तिथे जाऊ नये. लहानपणी हे पाठ करताना कंटाळा यायचा. आता वाटतं, त्यांनी माणसं फार जवळून पाहिली होती. चांगलं वागणं म्हणजे पुष्कळदा काहीतरी न करणं.

वाशीत सिडकोनं बांधलेल्या, लिफ्ट नसलेल्या एका इमारतीत मी राहतो. इथल्या जिन्यात एक वाक्य नेहमी कानावर पडतं. 'किल्ली शेजारी ठेवली आहे.' दुपारी गॅसचा सिलिंडर येणार असतो. शाळेतून मुलगा लवकर सुटणार असतो. गावाहून सासरे उतरणार असतात आणि सून कामावर. फोनवर एवढंच सांगितलं जातं, 'किल्ली शेजारी आहे.' शेजारी म्हणजे कोणाकडे, ते सांगावं लागत नाही. ज्या त्या इमारतीत ते घर ठरलेलं असतं.

आमच्याकडे ते दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं. दारातून आत गेलं की उजव्या हाताला भिंतीवर एक फळी आहे. तिच्यावर खिळ्यांची रांग. प्रत्येक खिळ्याला किल्ली, किल्लीला नाडी किंवा जुन्या साडीच्या काठाची चिंधी, आणि त्यावर खाकी चिकटपट्टी लावून बॉलपेननं घातलेला खोली क्रमांक. पट्टीच्या कडा काळ्या पडल्या आहेत. एका किल्लीला पितळेचा गणपती आहे. एक किल्ली अशा घराची आहे की ते लोक पुण्याला गेले, घर विकलं गेलं, नव्या मालकानं कुलूपही बदललं. किल्ली तिथेच. कोणी मागायला आलं नाही, म्हणून काकूंनी काढली नाही.

या काकू मनमिळाऊ आहेत का? कोणी म्हणणार नाही. त्या कोणाच्या घरी गप्पा मारायला बसलेल्या मी पाहिल्या नाहीत. कोजागरीला गच्चीवर येतात, दूध पितात, पेला विसळून ठेवतात आणि उतरतात. सार्वजनिक हळदीकुंकवाला वाण घेतात आणि देतात, पण फोटोत नसतात. जिन्यात भेटल्या तर 'काय' एवढंच म्हणतात, आणि त्या 'काय'ला उत्तराची अपेक्षा नसते.

किल्ली द्यायला गेलं की त्या एकच प्रश्न विचारतात. 'कधी येताय?'

'कुठे चाललात?' असं त्या विचारत नाहीत. दोन प्रश्नांत फरक थोडाच आहे, आणि मला वाटतं सगळं काही त्या फरकात आहे. 'कुठे' माझ्या घरात शिरतो. 'कधी' त्यांच्या कामापुरता आहे. किती वाजेपर्यंत दाराशी कान ठेवायचा, दुपारी आडवं व्हायचं की नाही, एवढं त्यांना कळायला हवं असतं. बाकी माझं माझ्यापाशी राहतं. रुग्णालयात चाललो असलो तरी, कोर्टात चाललो असलो तरी, भावाशी भांडायला चाललो असलो तरी.

आमच्याच मजल्यावर एक काका आहेत. त्यांना मात्र निधनवार्तेत हा शब्द नक्की मिळेल, आणि तो दिवस लांब असो. सगळ्या इमारतीची नावं, गावं, कोणाचा मुलगा कुठल्या कंपनीत, कोणाच्या मुलीचं कुठे जमतंय, त्यांना तोंडपाठ. सगळे त्यांच्याशी थांबून बोलतात. किल्ली मात्र त्यांच्याकडे कोणी ठेवत नाही. काही जाईल अशी भीती नसते. पण दुपारी सासरे येऊन गेले, एकटेच होते, बॅग लहान होती, हे संध्याकाळपर्यंत चौथ्या मजल्याला कळलेलं असतं.

त्यांचंही देणं आहे, ते नाकारू नये. नवं बिऱ्हाड आलं की पाणी किती वाजता येतं, दूधवाला कोण, कामवाल्या बाईंना कसं विचारायचं, हे पहिल्या तासात सांगायला तेच जातात. रात्री दोन वाजता कोणाच्या छातीत दुखलं तर खाली उतरून रिक्षा शोधणारेही तेच असतात, लेंग्यावर, चष्म्याशिवाय. आलेल्या माणसाला इमारतीत आणायला काका लागतात. आल्यावर त्याला तिथे राहू द्यायला काकू लागतात.

नवी मुंबईला हे सगळं नव्यानं शिकावं लागलं. १९६५ साली 'मार्ग' नियतकालिकातून चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली. १९७० च्या मार्चमध्ये सिडको स्थापन झाली. १९७३ साली ठाणे खाडीवर वाशीचा पूल झाला. रेल्वे मात्र खाडी ओलांडून यायला १९९२ उजाडलं. मधली जवळजवळ वीस वर्षं इथे राहायला आलेली माणसं बसच्या भरवशावर, एकमेकांच्या आधारानं राहिली. आणि ती कोणाच्या शेजारी राहिली? सोडतीत ज्याचं नाव निघालं त्याच्या. गिरगावात, दादरला, पुण्याच्या पेठांत शेजार वारशानं मिळायचा. अमक्याचा नातू, तमक्याची सून, एवढं सांगितलं की झालं. इथे चिठ्ठी निघाली आणि तळकोकणातल्या माणसाच्या भिंतीपलीकडे केरळचं कुटुंब आलं, वर विदर्भातले, खाली सातारचे. पत्त्यात आळी नाही, वाडी नाही. सेक्टरचा आकडा, इमारतीचा आकडा, खोलीचा आकडा.

किल्लीच्या आधी इथे फोन होता. संपूर्ण इमारतीत एखाद्याच घरी. मग बाकीचे सगळे आपल्या पत्रांवर, लग्नपत्रिकांवर तो नंबर छापायचे आणि पुढे कंसात 'पी. पी.' लिहायचे. फोन वाजला की ते घर जिन्यात येऊन हाक मारायचं, 'अहो, गावाहून फोन आहे!' चपला न घालता धावत जायचं. फोन बाहेरच्या खोलीत, त्या घरच्या माणसांच्या मधोमध. जन्म, मरण, पैशांची अडचण, सगळं तिथेच उभं राहून बोलायचं. रिसीव्हर हातात देऊन समोर बसून राहणारी घरं होती. आणि काही घरं अशी होती की रिसीव्हर हातात दिला की त्या घरची बाई स्वयंपाकघरात जायची आणि नळ सोडायची. पाण्याचा आवाज मुद्दाम. आपल्याला ऐकू येऊ नये म्हणून, आणि ऐकू येत नाही हे आपल्याला कळावं म्हणूनही. पाणी जपून वापरायच्या त्या काळात तो नळ किती मोठा होता, ते फोनवर रडून आलेल्या माणसालाच ठाऊक.

पारसिकच्या डोंगराखाली, बेलापूरच्या सेक्टर ८ मध्ये, आर्टिस्ट व्हिलेज आहे. कोरियांनीच १९८० च्या दशकात केलेली ती वसाहत. पाच-सहा हेक्टरांत साधारण साडेपाचशे कुटुंबांची घरं. तिची रचना मला या शब्दाच्या अर्थाजवळ फार घेऊन जाते. सात घरं एका लहानशा अंगणाभोवती. अंगण साधारण आठ मीटर लांब, आठ मीटर रुंद. अशी तीन अंगणं मिळून एकवीस घरांचं थोडं मोठं अंगण. पुन्हा तसे तीन समूह मिळून त्याहून मोठं. माणूस उंबऱ्यातून बाहेर पडतो तो एकदम शहरात येऊन पडत नाही. आधी सात घरांत येतो, मग एकवीस घरांत, मग पुढे.

पण त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. अंगण सामायिक, भिंत मात्र प्रत्येकाची वेगळी. शेजारच्या घराला भिंत चिकटवायची नाही, हे कोरियांनी ठरवून केलं. कारण व्यवहारी होतं. आज दोन खोल्या परवडतात, उद्या मुलगा कमावता झाला की वर आणखी एक चढवता यावी, आणि त्यासाठी शेजाऱ्याची परवानगी मागायला जावं लागू नये. प्रत्येकानं आपापल्या कुवतीनं, आपापल्या वेळी वाढावं. म्हणजे एकत्र राहायचं तर आधी एकमेकांपासून सुटं व्हायचं.

ते किती साधलं, ते आज तिथे गेलं की दिसतं. पुष्कळ जुनी उतरत्या छपरांची घरं पाडली गेली. त्यांच्या जागी दोन-दोन, तीन-तीन मजली बंगले उभे राहिले. कुणी अंगणाकडची बाजू बंद केली, कुणी तिथे गाडी लावली. वास्तुकलेचे विद्यार्थी वह्या घेऊन येतात आणि हळहळतात. मला तितकं वाईट वाटत नाही. घरं वाढावीत म्हणूनच तर ती सुटी ठेवली होती. अंगणं अजून आहेत, बरीचशी. तिथे दुपारी पापड वाळत असतात आणि ते कोणाचे आहेत, हे सातही घरांना माहीत असतं. पाऊस आला तर ज्याला आधी दिसेल तो उचलतो.

या शहराला आपसात मिळायला जी जागा मिळाली ती कोणाची होती, ते बाजूला ठेवून मनमिळाऊपणाबद्दल लिहिणं बरं दिसणार नाही. शेती आगरी-कोळ्यांची, मिठागरं त्यांची, खाडी त्यांची. शहरासाठी घेतलेल्या त्या जमिनींच्या मोबदल्यासाठी १९८४ च्या जानेवारीत उरण तालुक्यातल्या जासईला झालेल्या आंदोलनात गोळीबार झाला आणि पाच शेतकरी गेले. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. करावे, दारावे, शिरवणे, दिवाळे ही गावं आज सेक्टरांच्या मधोमध आहेत. आम्ही त्यांना अजून 'गाववाले' म्हणतो. पन्नास वर्षांच्या शेजारानंतरही.

तिथे आमच्या शब्दाची गरज पडत नाही. हळद असली की गाव येतो. बोलावणं हा उपचार, न येणं ही बातमी. आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण असते. ती बाई धवले गाऊन लग्न लावते. तिला त्या घरांची नाती, कुळं, देव सगळं ठाऊक असावं लागतं. ती मनमिळाऊ आहे का, असा प्रश्न तिथे कोणाला सुचणारही नाही. माणसं आधीच एकमेकांत असली की मिसळण्याला वेगळं नाव कशाला लागेल? नाव आम्हाला लागलं. चिठ्ठीनं शेजारी आलेल्यांना.

अर्थात गावकीलाही बोचणारी बाजू असते. जिथे सगळे सगळ्यांना ओळखतात तिथे 'कुठे चाललीस?' हा प्रश्न मुलींना दर दहा पावलांवर भेटतो. त्या मुली शहरातल्या अनोळखीपणाला कंटाळत नाहीत. त्यांना विचारा.

सकाळच्या लोकलमध्ये या सगळ्याचं आणखी एक रूप दिसतं. दुसऱ्या वर्गाच्या डब्यात बाक तिघांचं असतं आणि बसतात चौघं. ही चौथी सीट कोणत्याही नियमात नाही. उभा असलेला माणूस काही बोलत नाही. हात थोडा पुढे करून तळवा आडवा हलवतो. बसलेले तिघं चार चार बोटं सरकतात. त्यानं मिळालेली जागा अर्धीच असते, एक पाय मोकळ्या वाटेत. सानपाड्याला, मानखुर्दला कोणी वर बघत नाही. नाव विचारलं जात नाही. वर्षानुवर्षं एकाच डब्यात चढणारी माणसं एकमेकांना 'ते निळी बॅगवाले' एवढ्यावरच ओळखतात. दसऱ्याच्या आदल्या दिवशी हीच माणसं वर्गणी काढून डब्याला झेंडूची तोरणं बांधतात, देवीच्या फोटोला हार घालतात, पेढा वाटतात. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा चार बोटं. मला कधी कधी त्या पेढ्यापेक्षा ती चार बोटं जास्त गोड वाटतात. पेढा वर्षातून एकदा असतो. आणि सरकणारा त्या वेळी थकलेला असतो, त्याचं स्टेशनही लांब असतं.

महापालिकेच्या विरंगुळा केंद्रात सकाळी वर्तमानपत्र एक असतं आणि वाचणारे पाच-सहा. पान सुटं करून वाटून घेतात. सगळ्यांत आधी मधलं पान कोणाला हवंय ते ठरलेलं, क्रीडापान कोणाकडे जाणार तेही ठरलेलं. एक गृहस्थ मात्र कोणतंही पान मागत नाहीत. हातात येईल ते वाचतात, आणि वाचून झालं की घडी नीट करून पुढच्याच्या गुडघ्यावर ठेवतात. बोलत नाहीत. बाकीचे राजकारणावर तावातावानं भांडतात तेव्हा ते खिडकीतून बघत असतात. एकदा ते चार दिवस आले नाहीत. पानांची अदलाबदल त्या दिवसांत कशी कोण जाणे बिघडली. मधलं पान एकाच्याच हातात अडकून राहायचं. चौथ्या दिवशी भांडणाऱ्यांपैकीच एकजण त्यांच्या घरी चौकशीला जाऊन आला. नातीकडे गेले होते, बस्स.

आमच्या इमारतीचा आता पुनर्विकास व्हायचा आहे. वाशीतल्या, नेरुळमधल्या सिडकोच्या जुन्या इमारतींच्या स्लॅबचे तुकडे पडू लागून बरीच वर्षं झाली. पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक इमारतींची यादी लावते आणि आम्ही तिच्यात आपला क्रमांक शोधतो. गेल्या महिन्यात सोसायटीची सभा झाली. विकासकाचा माणूस भिंतीवर नकाशे दाखवत होता. चटई क्षेत्र, कॉर्पस, तीन वर्षांचं भाडं, दोन लिफ्ट, वर जिम. मजल्यावर सहा घरं.

सभेत कधीच न बोलणाऱ्या काकूंनी विचारलं, ''दारं समोरासमोर आहेत का हो?''

''अजिबात नाही काकू,'' तो खुशीत म्हणाला. ''एकाचं दार दुसऱ्याला दिसणारच नाही, असं डिझाइन केलंय. पूर्ण प्रायव्हसी.''

बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. मीही डोलावली असेन. समोरचं दार उघडं असलं की आपण चप्पल घालताना पोट आत घेतो, हे कोणाला हवंय?

''आणि भिंतीला खिळे ठोकता येतील?''

''तुमचंच घर आहे. पण खिळे कशाला?''

''किल्ल्यांना.''

''काकू, आता डिजिटल लॉक देणार आहोत सगळ्यांना. मोबाइलवरून उघडतं. तुम्ही दिल्लीत असाल आणि इथे पाहुणे आले, तरी तिथून दार उघडाल. किल्लीच नाही.''

''आणि गॅस?''

''पाइपचा.''

सगळे हसले. काकूही हसल्या. आमचे मजल्यावरचे काका उठून म्हणाले, ते सगळं ठीक आहे, पण खाली नोटीस बोर्ड कुठे लावणार ते आधी सांगा, आणि त्याच्यासमोर एक बाक हवं. बाकाचा मुद्दा इतिवृत्तात लिहून घेतला गेला. मग पार्किंगचा विषय निघाला आणि तिथेच रात्रीचे दहा वाजले.